पेठच्या गादीवरचा तिसरा

५ ऑगस्ट १९७९, रविवार. दहिवली.

प्लास्टरचा दहावा दिवस. चौतीस वर्षं भिवपुरीच्या पॉवर हाऊसात स्विचबोर्डापुढे उभा राहिलो, कधी साधं खरचटलं नाही. रिटायर होऊन सात महिने झाले आणि स्वतःच्याच शेताच्या बांधावरून घसरलो. उजवा घोटा गेला. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. शेजारचा चांगो रोज येऊन विचारतो, "बांधाला ठावं नव्हतं का रं, तू साहेब हायस त्ये?" मी साहेब नव्हतो, अटेंडंट होतो, हे त्याला शंभरदा सांगून झालं.

ड्यूटीवर दर तासाला लॉगबुक भरायचो. ती खोड हाताला लागली म्हणून ही डायरी. नाहीतर माझ्या आयुष्यात लिहून ठेवण्यासारखं काय आहे? बायको सोनुबाई जाऊन चार वर्षं झाली. एकुलता मुलगा सहदेव खोपोलीला कागदाच्या गिरणीत आहे, शिफ्ट करून येतो आणि झोपतो. सून जया घर आणि शेत दोन्ही बघते. नाती दोन. कुंदा सहा वर्षांची, पहिलीत आहे. मंदा दोनची.

पडून पडून डोकं भणभणायला लागलं म्हणून आज एक काम काढलं. क्वार्टर्सच्या क्लबात साहेब लोक एक परदेशी खेळ खेळायचे. मोठा नकाशा, त्यावर किल्ले, राजे, सैन्य. फ्यूज बघायला गेलो की मी दारात उभा राहून बघायचो. बस म्हणून कोणी म्हटलं नाही, पण डोळ्यांना कोण अडवणार? तसला खेळ आपल्या पद्धतीने करायचा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कुंदाच्या पेन्सिलीने नकाशा काढला. तीन राज्यं: पेठ, माणिकगड आणि इर्शाळ. मधून उल्हास नदी. सैन्य म्हणजे चिंचोके. नशीब बघायला चार कवड्या. खेळाचं नाव 'गादी'.

१० ऑगस्ट, शुक्रवार

नियम लिहून झाले. एकूण चौदा. चौथा नियम असा: खेळी करण्याआधी आपल्या राजाचं नाव मोठ्याने घ्यायचं. नाही घेतलं तर खेळी बाद. स्विच टाकण्याआधी आम्ही लाइनचं नाव मोठ्याने म्हणायचो, मगच हात लावायचो. चूक होत नाही.

अकरावा नियम वारसाचा. राजाला वारस हवा असेल तर चार कवड्या टाकायच्या. दोन किंवा चार उताण्या पडल्या तर मुलगा. एक किंवा तीन पडल्या तर मुलगी. चारही पालथ्या पडल्या तर राणी बाळंतपणात गेली आणि एक डाव फुकट. जुन्या काळी असं व्हायचंच, खेळ खरा वाटायला हवा. हिशोब केला, सोळात एकदा पडेल. फार नाही.

राजांच्या नावांसाठी सहा चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकाने दोन उचलायच्या, ती त्याच्या घराण्याची नावं. आजाचं नाव नातवाला, म्हणजे दोन नावं आलटून पालटून चालतील. एक चिठ्ठी माझ्याही नावाची टाकली. माणसाला तेवढी हौस असतेच.

१२ ऑगस्ट, रविवार

खेळाचा पहिला दिवस, आणि चौथ्या नियमापाशीच गाडी अडली.

खेळायला तिघं लागतात. मी आणि चांगो. तिसरा सहदेव बसणार होता, पण तो जेवून जो आडवा झाला तो घोरायलाच लागला. शेवटी जयाला म्हटलं, तू बस. ती नको नको म्हणत बसली. तिने पेठ घेतलं, चांगोने इर्शाळ, मी माणिकगड. चिठ्ठ्या उचलल्या. मनातून वाटत होतं, माझं नाव मलाच यावं. मला आले पोशा आणि मंगळ्या. जयाने पहिली उघडली, सखोजी. दुसरी उघडली आणि पदराखाली लपवली.

"काय गं, काय आलं?"

चांगोने चिठ्ठी काढून घेतली, वाचली आणि मांडीवर थाप मारून हसत सुटला. बुधाजी. माझंच नाव. सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेणार कसं?

म्हटलं, चिठ्ठी बदल. चांगो म्हणाला, "ते नाय चालायचं. नियम तूच लिवलंस. उचलली ती उचलली."

पहिला राजा सखोजी होता तोवर निभावलं. तासाभरात सखोजी लढाईत पडला, मुलगा गादीवर आला. आता हिची खेळी. ही चिंचोके हातात घेऊन बसलेली. चांगो मुद्दाम म्हणतो, "नाव घे, नायतर खेळी बाद." मग जया म्हणाली, "आबा, तुमच्या पावर हाऊसमधी मशिनींना नावं हायत का?"

"नाही. नंबर आहेत."

"मग माजे राजे नंबरानं. सखोजी एक. हे दोन."

चांगोने खोडा घातला. म्हणाला, या नावाचा तर हा पहिलाच राजा, मग दोन कसा? बराच वाद झाला. शेवटी मी निकाल दिला: नंबर नावाचा नाही, गादीचा. त्या गादीवर जो कितवा बसला तो त्याचा नंबर, नाव काही का असेना. एक डाव बसला तरी तो मोजायचा. तिन्ही राज्यांना हाच नियम. वहीत लिहून टाकलं. पेठ: १. सखोजी, २. बुधाजी.

जया मग दर खेळीला "पेठचे दोन" म्हणून चिंचोके सरकवत होती. खेळते हुशारीने. चांगोची नदीवरची दोन ठाणी घेतली.

१६ ऑगस्ट, गुरुवार

काल कुंदा शाळेतून झेंडा घेऊन आली. नर्सबाई येऊन गेली. आठवड्यात दुसऱ्यांदा. मला वाटलं माझ्या पायासाठी येते, म्हणून पाय पुढे करून बसलो. ती स्वयंपाकघरात जयाशी अर्धा तास बोलली आणि पायाकडे न बघताच गेली. सरकारी कामाची ही तऱ्हा.

१९ ऑगस्ट, रविवार

आजचा खेळ रंगला, पण शेवटी मनासारखं झालं नाही.

पेठच्या दोन नंबरला, म्हणजे बुधाजीला, वारस हवा होता. जयाने कवड्या टाकल्या. एक उताणी. मुलगी. पुढच्या डावाला पुन्हा टाकल्या. तीन. पुन्हा मुलगी. चांगो मिशीत हसला. मी म्हटलं, टाक तिसऱ्यांदा, आता मुलगा पडेल. तिने कवड्या उचलून माझ्यापुढे ठेवल्या.

"नको आबा. दोन पुरे."

"अगं, वारस नसला तर घराणं बंद होईल."

"होऊ दे. मी किल्ला बळकट करते."

आणि सगळे चिंचोके तिने पेठच्या माचीवर रचले. हा काय डाव झाला? सोळात पंधरा वेळा राणीला काही होत नाही. मी तिला आकडा समजावून सांगितला. ती ऐकून घेते आणि पुन्हा मान हलवते. बायकांना हिशोबाचा धीर नसतो, असं मी म्हणालो. चांगो एकदम म्हणाला, "बुधाजी, खेळ आपला." त्याला काय झालं कोण जाणे, एरवी असं तुटक बोलत नाही.

आता इथे खरं लिहितो, ही वही कोणी वाचत नाही. मला नातू हवा आहे. मी बुधवारी जन्मलो म्हणून बुधाजी. माझ्याआधी घराण्यात या नावाचा कोणी नव्हता. आमच्यात जिवंत माणसाचं नाव पोराला लावत नाहीत. ते मी गेल्यावर लावतील, त्याची मला घाई नाही. पण लावायला पोरगा तर पाहिजे. नाती लाडक्या आहेत, त्याबद्दल बोलणं नाही. पण त्या लग्न होऊन जातील आणि मग 'बुधाजी' हे नाव जुन्या सातबाऱ्यावर तेवढं राहील. मंदाला दोन वर्षं पूर्ण झाली. अजून काही हालचाल दिसत नाही.

२० ऑगस्ट, सोमवार

सहदेवला शिफ्टला जाताना गाठलं. सरळ विचारलं, तिसऱ्याचं काय? तो डबा पिशवीत घालत होता, घालतच राहिला. म्हणाला, "बघू आबा."

"बघू म्हणजे? तुम्ही काय ते ऑपरेशन-बिपरेशनच्या नादाला लागू नका. आणीबाणीत लोकांना धरून नेत होते. आता कोण धरतंय?"

"कोण नाय धरत," म्हणाला आणि गेला. माझा मुलगा, पण त्याच्याशी चार वाक्यं बोलायची तर खोपोलीची गाडी सुटायची वेळच सापडते.

२७ ऑगस्ट, सोमवार

काल गणपती बसले. पाटावर बसून पूजा केली, पाय लांब करून. मागायचं ते मागितलं. जयाने मोदक केले, तिचीही काहीतरी मागणी असावी, बराच वेळ हात जोडून उभी होती. म्हटलं बरं आहे, दोघांचं एकच मागणं गेलं की लवकर पोचेल.

२ सप्टेंबर, रविवार

नवीनच पेच.

पेठचा बुधाजी मेला. म्हातारा होऊन मेला, लढाईत नाही, एवढं समाधान. वारस नाही. गादी रिकामी. मी म्हटलं, संपलं, पेठ खेळातून बाद. जया म्हणाली, "कुठल्या नियमानं?"

वही काढली. सगळेच्या सगळे नियम वाचले. राजा नसला तर राज्य बाद होतं असं मी कुठेच लिहिलेलं नाही. घराणं बंद, एवढंच लिहिलंय.

"मग राजा नसंल तर नसंल," ती म्हणाली. "किल्लेदार हायत, शेतकरी हायत. पेठ चालू."

आणि पेठ चाललं! चौथ्या नियमाचंही तिला सोपं झालं, राजाच नाही तर नाव कोणाचं घेणार? तिने चांगोचा इर्शाळ घेतला आणि माणिकगडाच्या पायथ्याशी येऊन बसली. माझा मंगळ्या, नंबर चार, मुलाबाळांनी घर भरलेलं, आणि एका रिकाम्या गादीपुढे मार खातोय. चांगोला त्याच्या हरण्याचंही काही नाही, उलट खूश. जयाला म्हणतो, "खेळ गं पोरी, असाच खेळ."

मला राग आला, हे खरं. नियमात भोक राहिलं हा माझा दोष, पण त्या भोकातून माझ्याच सुनेने माझ्यावर यावं?

९ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहितो, कारण मला ते कळलेलं नाही.

नियम दुरुस्त करून आणला होता. गादी रिकामी राहिली तर मेलेल्या राजाच्या राणीने आणखी एकदा कवड्या टाकायच्या, समजा पोर पोटात होतं. जयाने दुरुस्ती ऐकली. "मी नाय टाकत," म्हणाली. तेवढ्यात मंदा रडली म्हणून उठून आत गेली. मी म्हटलं, खेळ किती वेळ अडवून ठेवायचा? तिच्या कवड्या उचलल्या आणि तिच्या वतीने टाकल्या.

चारही पालथ्या पडल्या.

चांगो बघत होता. त्याचा चेहरा उतरला. मी हसून म्हटलं, "बघ, सोळात एकदा म्हणतात ते हे." तो हसला नाही. कवड्या गोळा करून त्याने मुठीत धरल्या आणि उठला.

"दुसऱ्याच्या राणीची कवडी आपण टाकू नये, बुधाजी."

"अरे, खेळ आहे."

"खेळच हाय. मला नाय खेळायचा."

कवड्या माझ्या खाटेवर ठेवल्या आणि चपला घालून गेला. जया बाहेर आली तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही. आज इथेच थांबू, म्हटलं. तिने नकाशा गुंडाळून ठेवला.

चाळीस वर्षांची दोस्ती. माणूस एका पालथ्या कवडीवरून उठून जातो?

१३ सप्टेंबर, गुरुवार

सोमवारी प्लास्टर काढलं. पाय काठीसारखा बारीक झालाय. काठी घेऊन अंगणात फिरतो.

जया म्हणाली, चोवीस तारखेला आठ दिवस माहेरी जाईन, चौकला. आईला बरं नाही. आताच कसं कळलं चोवीस तारखेला बरं नसेल ते? पण बायकांच्या माहेरात आपण तोंड घालू नये. मुलींना इथेच ठेवून जाणार आहे. हेही नवीनच, आजवर कधी त्यांना सोडून गेली नाही.

१६ सप्टेंबर, रविवार

चांगो आला नाही. नकाशा मांडून दोन तास बसलो.

१७ सप्टेंबर, सोमवार

सकाळी काठी टेकत चांगोच्या घरी गेलो. त्याच्या टेंपोपाशी बसला होता, चाक खोललेलं. त्याने बसायला पाट दिला, पण माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, "काय चुकलं ते तरी सांग."

त्याने पाना खाली ठेवला. मग सांगितलं. जसं बोलला तसं लिहितो.

"मंदाच्या वेळची गोष्ट. तू क्वार्टर्समधी व्हतास, ड्यूटीवर. सुईणीला आवरंना म्हणून ह्याच टेंपोतून जयाला कल्याणला नेली. मागं गोण्या आंथरल्या व्हत्या. त्या गोण्या मी नंतर जाळून टाकल्या, बुधाजी, धुण्यासारख्या ऱ्हायल्याच नव्हत्या. सहदेवाचं रगत जुळंना. माजं जुळलं. दोन बाटल्या दिल्या. डॉक्टर म्हणाला, आता वाचली, पन पुन्हा पोर ऱ्हायलं तर माज्याकडं आणू नका, मी देव नाय. तुजी सून गेलीच व्हती रं."

मी म्हटलं, मला कोणी कसं नाही सांगितलं?

"तूच इचारलं का? तू इचारलंस पोरगा का पोरगी. सहदेवानं सांगितलं पोरगी. मग तू आठ दिस आलाच नाय."

"ड्यूटी होती."

"असंल."

मी उठलो. घरापर्यंत चालताना पाय दुखला की नाही ते आठवत नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार

ट्रंकेतून १९७७ ची ड्यूटीवरची डायरी काढली. तारीख शोधली. माझ्याच अक्षरात लिहिलंय:

"सहदेवला दुसरी मुलगी. बाळबाळंतीण ठीक. दोन नंबर मशीन दुपारी ३.१० ला बंद, बेअरिंग गरम. ४.४५ ला चालू. पाऊस."

खाली मशीनलाच आणखी पाच ओळी आहेत. बेअरिंगचं तापमान दर पंधरा मिनिटांनी लिहिलंय. 'ठीक' हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. मीच लिहिलं. ठीक असायला हवं म्हणून लिहिलं. मशीनबद्दल असं न बघता लिहिलं असतं तर साहेबाने मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

मला माझी लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

जेवलो नाही. जयाने दोनदा विचारलं, पोटात बरं नाही सांगितलं. ती ओवा घेऊन आली. ओवा खाल्ला.

१९ सप्टेंबर, बुधवार

सकाळी नियमांच्या वहीतून अकरावा नियम काढून टाकला. नुसता खोडला नाही, ब्लेडने कापला. नियम किचकट होता.

मग चुलीपाशी गेलो. जया भाकऱ्या थापत होती. मी विचारलं, "चोवीस तारखेला माहेरीच जायचंय ना?"

तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली. मी बसलो ती करपलेली उलटायला, मला ते जमत नाही, बोट भाजलं.

ती म्हणाली, "आबा, मी खोटं बोलले."

"ठावं हाय मला."

"ऑपरेशनला कर्जतच्या दवाखान्यात बोलावलंय. हे सही करून गेलेत फारमावर. तुमाला सांगायचं म्हणून तीनदा तोंड उघडलं यांनी. नाय जमलं. म्हणून माहेरचं सांगितलं." मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "मला मरायचं नाय, आबा. ह्या दोघींना अजून वेणीसुद्धा घालता येत नाय."

घरातल्या दोन माणसांनी मला भ्यावं आणि मला ते गणपतीचं मागणं वाटावं. मला वाटत होतं, या घरात माझ्याशी बोलायला कोणी नाही. होते, पण मी बोलू देत नव्हतो. मी विचारलं, "सोबत कोण हाय?"

"यांना सुट्टी नाय मिळाली. एकटीच जाणार व्हते."

"मी येतो."

नातू नको असं मी म्हणालो नाही. ते खोटं झालं असतं. अजूनही हवा आहे. हवा असणं काही ब्लेडने कापता येत नाही.

२४ सप्टेंबर, सोमवार

चांगोच्या टेंपोतून कर्जतला गेलो, मी, जया आणि चांगो. मुली चांगोच्या बायकोकडे. मागे गोण्या नव्हत्या, चांगोने घरातली नवी चटई आंथरली होती. त्याच्याशी आठवड्याने बोललो. म्हटलं, "चाक नीट बसवलंस ना?" म्हणाला, "तुज्यापेक्षा नीट." झालं, दोस्ती जागेवर आली.

दवाखान्यात बऱ्याच बायका होत्या. टेबलापाशी एक बाई नावं लिहून घेत होती.

"किती मुलं?"

"दोन," जया म्हणाली.

"मुलगे?"

"मुली."

बाईने पेन थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सासरे? आजोबा, मागाहून इथे भांडायला येतात लोक. मुलगा नाही म्हणून. तुमची हरकत असेल तर आत्ताच सांगा."

मागे रांगेतल्या बायकाही ऐकत होत्या. जया जमिनीकडे बघत होती. पिशवी पोटाशी धरून ती माझ्यापासून पाऊलभर मागे सरकली होती. मला तिथे, त्या टेबलापाशी, पहिल्यांदा दिसलं की ही पोर माझ्या एका शब्दाला किती घाबरते. माझ्या दोन नंबर मशीनचा साधा आवाज बदलला तरी मला कळायचं.

"हरकत नाही," मी म्हणालो. मग वाटलं पुरेसं मोठ्याने झालं नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.

बाईने लिहून घेतलं. जयाला आत नेलं. मी आणि चांगो बाकावर बसलो. मी घड्याळ बघून कागदावर वेळा लिहीत होतो: १०.४० आत. ११.५५ नर्स बाहेर, विचारलं, म्हणाली व्हायचंय. १२.३० चहा. १.०५ झालं. नाडी चांगली. स्वतः विचारलं. डोळे उघडले, स्वतः बघितलं.

२६ सप्टेंबर, बुधवार

डबा घेऊन गेलो. सहदेवही सुटी काढून आला होता. बाहेर आम्ही दोघं उभे. तो म्हणाला, "आबा, तुमचं नाव..."

मी म्हटलं, "राहू दे रं." तो रडला. तीस वर्षांचा बाप्या. मी पाठीवर हात ठेवला. यापूर्वी कधी ठेवला होता ते आठवेना, शाळेच्या पहिल्या दिवशी असेल.

वाईट वाटतं. परतताना सगळ्या वाटेने वाटत होतं. आपल्यानंतर आपलं नाव कोणी घेणार नाही हे सोपं नाही. पण वाईट वाटणं माझ्या अंगावर आहे, तिच्या जिवावर नाही. एवढा फरक आता कळतो.

२ ऑक्टोबर, मंगळवार

काल जया घरी आली. टाके काढलेत, तरी पोट धरून चालते. खाटेवर तिला झोपवलं, मी ओटीवर आलो. पेज मी शिजवली. पातळ झाली. कुंदा म्हणाली, ही पेज नाय, पाणी हाय. तरी जया वाटीभर प्याली.

आज गांधी जयंतीची सुट्टी, म्हणून कुंदा घरीच. तिने नकाशा काढून ओटीवर पसरला आणि वही उघडली. आता तिला जोडाक्षरं सोडून सगळं वाचता येतं. पेठच्या राजांची यादी बोट ठेवून वाचली. सखोजी. बुधाजी. मग डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं.

"आबा, हे तुमचं नाव ना?"

"हो."

"मग तुमच्या म्होरं कोण?"

"कोणी नाय."

तिने विचार केला. कान खाजवला. "मग तुमचं नाव कोण घेणार?"

पोराचं बोलणं, त्याला पुढची मागची जाणीव नसते. चिंचोके गोळा करत राहिलो. एकदोन ओटीवरून खाली पडले. मग म्हटलं, "तू घे की."

"मी? मोठ्या माणसाचं नाव घेऊ? आई मारंल."

"आई नाय मारायची. शाळेत बाईंनी इचारलं, आजोबाचं नाव काय, की घे. कोणीबी इचारलं की घे. आता घेतलंस तरी चालंल."

तिने आत बघितलं, आईला दिसत नाही ना याची खात्री केली, आणि हळूच म्हणाली, "बुधाजी." आकाश कोसळलं नाही. मग जरा मोठ्याने म्हणाली. मग ओटीवरून उडी मारून अंगणात गेली आणि दोन्ही हात वर करून "बुधाजी! बुधाजी!" असं सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या जोराने ओरडत फेऱ्या घालायला लागली. मागून मंदा, तिला नीट येत नाही, ती नुसतीच "जी! जी!" करत पळत होती.

आतून जया पोट धरून हसतेय आणि ओरडतेय, "आबा, गप करा तिला, मला हसवू नका, टाक्यांची जागा दुखते!" चांगोची बायको दारात येऊन उभी राहिली, काय झालं म्हणून. चांगो तिच्या मागून विचारतो, "बुधाजी, कोण बोलावतंय रं तुला?"

हे लिहितोय तरी कुंदा ओरडतेच आहे. दुपारच्या जेवणापर्यंत थांबेल असं वाटत नाही.